संथ झालेला संगणक

२००१ साली ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढील काही वर्षांत आपल्याकडील पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत संगणक आला. गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर व्याख्यानास जमणाऱ्या मंडळींपैकी अनेकांच्या घरी आज आठ-दहा वर्षांचा संगणक असेल. तो सुरू करून चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच! ‘नवा घ्या’ हा सल्ला फुकट मिळतो. पण आधी घोडे अडते कोठे हे पाहावे, असे आम्हांस वाटते.

प्रोसेसर हा स्वयंपाकी, रॅम हा ओटा आणि हार्ड डिस्क ही कोठी. ओटा लहान असला की स्वयंपाक्याला कोठीत खेपा घालाव्या लागतात. जुन्या डिस्कमधील तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि माहिती शोधण्यास तिच्यावरील दांडी सरकावी लागते. खरा वेळ येथे जातो. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नसते. म्हणून पहिला खर्च तेथे करावा, रॅमवर नंतर. त्यातही ३२-बिट विंडोजच्या साध्या आवृत्त्या ४ जीबीपलीकडची रॅम वापरीत नाहीत; तेथे जादा पट्टी बसविणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पेटी उघडण्यापूर्वी वायर काढावी, सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे आणि पेटीच्या धातूला हात लावावा. कोरड्या हवेत अंगावर साठलेली स्थिर वीज नाजूक भाग निकामी करू शकते. डीडीआर-३ व डीडीआर-४ पट्ट्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. पट्टी बसत नसेल तर ती चुकीची आहे किंवा उलटी धरली आहे. तेथे जोर करू नये. घड्याळ सारखे मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल बदलावा. एवढ्यासाठी दुकान गाठण्याचे कारण नाही.

या डागडुजीला मर्यादा आहेच. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते; शिवाय इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर ती स्वीकारीत नाही. अशा यंत्रावर लिनक्स घालावे. बँकेचे व्यवहार मात्र सुरक्षा-दुरुस्त्या बंद झालेल्या विंडोजवर करू नयेत.

काढलेली डिस्क लगेच भंगारात देऊ नये. तिच्यावर मुलांच्या मुंजीची, लग्नाची छायाचित्रे असतात. नव्या ड्राइव्हवर ती सारी उघडून पाहावीत, मगच जुनी डिस्क कोरी करावी.