'पर्यंत'ने केलेली फसगत

इंग्रजी शिकताना आपली फसगत अवघड शब्दांपेक्षा सोप्या शब्दांनीच अधिक होते. माझी 'टिल' या शब्दाने केली.

प्रवेशाच्या वेळी फी भरण्यास मुदत हवी होती. इंग्रजी अर्जाचे वजन पडेल या समजुतीने मी लिहिले, 'आय शॅल पे द फीज टिल टेन्थ जुलाय.' अर्ज वाचणारे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे दहा जुलैपर्यंत रोज भरणार आणि मग बंद?" सगळे हसले. शेजारी उभे असलेले माझे वडीलही हसले. त्यांना इंग्रजी येत नाही. सगळे हसले म्हणून तेही हसले. मुदत मिळाली, पण त्यांचे ते हसणे माझ्या मनात सलत राहिले. तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागले.

घोटाळ्याचे मूळ आपल्या 'पर्यंत'मध्ये आहे. 'शनिवारपर्यंत थांब' आणि 'शनिवारपर्यंत पुस्तक परत कर' ही दोन वाक्ये पाहा. थांबणे शनिवार येईतो सतत चालू राहते. परत करणे एकदाच घडते. शनिवार ही त्याची शेवटची मुदत. मराठीत हा फरक क्रियापदावरून कळतो, म्हणून दोन्हीकडे 'पर्यंत' चालतो. इंग्रजीत मात्र चालू राहणाऱ्या क्रियेला 'टिल' किंवा 'अनटिल' आणि मुदतीच्या आत उरकायच्या क्रियेला 'बाय' लागतो. 'वेट टिल सॅटरडे', पण 'रिटर्न द बुक बाय सॅटरडे'. मी 'बाय टेन्थ जुलाय' लिहायला हवे होते.

दुसरी चूक नकाराची. 'तो येत नाही तोपर्यंत मी जाणार नाही' याचे आपण 'अनटिल ही डझ नॉट कम' असे शब्दशः भाषांतर करतो. तेथे 'नॉट' नको. आधी मराठी वाक्यच बदलून घ्यावे: 'तो येईपर्यंत मी जाणार नाही.' पहिला 'नाही' आपोआप गळतो आणि इंग्रजी वाक्य सरळ मिळते: 'आय शॅल नॉट गो अनटिल ही कम्स.' येणे पुढे घडणार असले तरी येथे 'विल कम' म्हणत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट, 'टिल' काळासाठी आहे. 'पुण्यापर्यंत बसने गेलो' यातील 'पर्यंत' स्थळाचा. तेथे 'ॲज फार ॲज' म्हणावे.

'टिल' आणि 'अनटिल' यांचा अर्थ एकच. 'टिल' हे 'अनटिल'चे लघुरूप आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः 'टिल' हाच जुना शब्द. स्पेलिंगमध्ये मात्र 'टिल'ला दोन 'एल' आणि 'अनटिल'ला एकच.

शंका आली तर स्वतःला विचारावे: 'केव्हापर्यंत चालू राहील?' असा प्रश्न बसला तर 'टिल'. 'उशिरात उशिरा केव्हा होईल?' असा बसला तर 'बाय'.

या दिवाळीच्या सुट्टीत मी वडिलांना त्या दिवशीचा विनोद उलगडून सांगितला. दोन्ही 'पर्यंत' त्यांनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे आपण मराठीत बोलतो ते बरोबरच होतं की!" मग ते हसले. या खेपेला मात्र समजून.