डॉलरवरचे मोजणीदार

एक डॉलरच्या नोटेवरचे जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होण्याच्या ४० वर्षे आधी व्हर्जिनियात जमिनी मोजत होते! १७४३ साली वडील वारले. सावत्र थोरला भाऊ लॉरेन्स याची सोयरीक फेअरफॅक्स या बड्या जमीनदार घराण्यात झाली होती, त्यामुळे जॉर्जना काम मिळाले. (ओळख तेव्हाही लागायचीच.) २० जुलै १७४९ रोजी, वयाच्या १७व्या वर्षी, त्यांनी कल्पेपर काउंटीचे मोजणीदार म्हणून शपथ घेतली. पुढच्याच वर्षी बुलस्किन ओढ्याकाठी स्वतःसाठीही जमीन घेतली.

त्या काळच्या मोजणीच्या कागदात चतुःसीमा असे ती झाडा-ओढ्यांची: पांढऱ्या ओकपासून अमुक दिशेला इतके पोल, तिथून हिकरीच्या झाडापर्यंत इतके. झाड पडले की शेजाऱ्यांत वाद.

एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. दोन पोल म्हणजे ३३ फूट आणि ३३ फूट लांब-रुंद तुकडा म्हणजे आपला गुंठा! इंग्रजांची ६६ फुटी गुंटर साखळी व्हर्जिनियात पोचली. तिची अर्धी, ३३ फुटी साखळी मुंबई इलाख्यातल्या मोजणीत आली. ४० गुंठ्यांचा एकर त्याच हिशेबाचा.

आमच्यापैकी कित्येकांच्या गावच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे. उतारा इथे बसून ऑनलाइन पाहता येतो. वारसनोंद झाली नसेल तर तलाठ्याकडे अर्ज करून फेरफार करून घ्यावा लागतो. आणि आपला बांध नेमका कुठला, हे यंदाच्या सुट्टीत काका-आत्यांबरोबर शेतावर जाऊन, मुलांना सोबत नेऊन, विचारून घ्या.