पन्नाशीतली मोटारसायकल : हौस जपा, हाडेही जपा

नंदुरबार जिल्ह्यात मोटारसायकल ही हौसेची वस्तू क्वचितच होती. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागातील आश्रमशाळेवर रुजू होणारा शिक्षक, पाड्यापाड्यांवर जाणारा आरोग्यसेवक, शहादा-तळोद्याच्या शिवारातून दूध आणणारा शेतकरी या साऱ्यांसाठी ती पोटापाण्याचे साधन होती, आणि आजही आहे. १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० या गाड्या बाजारात आल्या. त्यानंतरच्या दहा वर्षांत जी मुले गाडी शिकली, ती पिढी आज पन्नाशीच्या आसपास आहे. मधल्या काळात घरात चारचाकी आली, मुले शिक्षणासाठी बाहेरगावी गेली, आणि मोटारसायकल अंगणातल्या ताडपत्रीखाली गेली. आता कर्जाचे हप्ते संपले आहेत, हाताशी थोडा वेळ आहे आणि मनात एक जुनी इच्छा पुन्हा डोके वर काढते आहे : हिवाळ्यातील एखाद्या सकाळी, कोणत्याही कामाशिवाय, तोरणमाळपर्यंत जाऊन यावे.

“डॉक्टरसाहेब, या वयात चालेल का?” हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. माझे उत्तर बहुधा ‘चालेल’ असेच असते. मात्र त्याला एक अट जोडलेली असते. आपण तीस वर्षांपूर्वीचे चालक म्हणून नव्हे, तर नवशिके म्हणून गाडीवर बसावे.

आनंदाचे मोल

जपानमधील तोहोकू विद्यापीठाचे मेंदूशास्त्रज्ञ रयुता कावाशिमा यांनी यामाहा कंपनीच्या सहकार्याने एक अभ्यास केला होता. परवाना असूनही दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ मोटारसायकल न चालवलेल्या मध्यमवयीन पुरुषांना त्यांनी दोन महिने रोजच्या ये-जा करण्यासाठी मोटारसायकल वापरायला सांगितली. मोटारसायकल न वापरणाऱ्या गटाच्या तुलनेत या पुरुषांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी सुधारली आणि त्यांनी मानसिक ताणही कमी झाल्याचे सांगितले. अभ्यास लहान होता आणि त्यामागे गाड्या विकणारी कंपनी होती, हे ध्यानात ठेवूनच त्याकडे पाहावे. तरीही त्यामागचे कारण समजण्याजोगे आहे. मोटारसायकल चालवताना तोल, वेग, रस्ता आणि समोरची वाहने यांकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागते. मनात इतर विचारांना फारशी जागा उरत नाही. ज्यांचा दिवस चिंता आणि मोबाइल यांतच सरतो, त्यांच्यासाठी हा मोठाच विसावा होय.

मात्र एक गोष्ट स्पष्ट असावी. हा व्यायाम नव्हे. रोजच्या चालण्याची जागा मोटारसायकल घेऊ शकत नाही.

आठवण तरुण, शरीर नव्हे

एकदा शिकलेले पोहणे वा सायकल चालवणे आपण सहसा विसरत नाही, कारण अशा हालचालींची स्मृती मेंदूच्या खोलवरच्या भागांत साठवलेली असते. मोटारसायकलचेही तसेच आहे. पंधरा-वीस वर्षांनी गाडीवर बसले तरी अर्ध्या तासात क्लच आणि गिअर हाताखाली येतात. नेमका येथेच धोका आहे. हात सरावतात, आत्मविश्वास परततो आणि तो आपल्याला विशीतल्या वेगाकडे नेतो. डोळे, प्रतिक्रियेचा वेग आणि हाडे मात्र पन्नाशीचीच असतात.

साधे गणित पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर म्हैस आडवी आली आणि ब्रेकवर हात-पाय जायला अर्धा सेकंद अधिक लागला, तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. वाचणे आणि धडकणे यांतील अंतर बहुधा तेवढेच असते.

जुनी स्मृती फसवू शकते याचे उत्तम उदाहरण म्हणजे बुलेट. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. नव्या गाड्यांत हे उलट आहे. ज्यांचे पाय जुन्या गाडीवर घडले, ते निवांतपणे चालवताना चुकत नाहीत. पण घाबरलेल्या क्षणी पाय जुन्याच सवयीने हलण्याचा संभव असतो. शिवाय शंभर सीसीच्या गाडीचे वजन एकशे दहा किलोच्या आसपास असते, तर आजच्या ३५० सीसीच्या गाडीचे एकशे नव्वदच्या घरात. उतारावर थांबलेली अशी गाडी कलली की ती सावरण्याच्या प्रयत्नात गुडघा किंवा कंबर दुखावते.

अमेरिकेतील अपघातांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघातानंतर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ येण्याचे प्रमाण विशी-तिशीतील चालकांच्या तुलनेत चाळीस ते एकोणसाठ वयोगटात जवळपास दुप्पट, तर साठीनंतर सुमारे तिप्पट आढळले. हाडे ठिसूळ होतात, छातीचा पिंजरा कमी लवचिक होतो, आणि त्याच पडण्याने बरगड्या मोडतात.

गाडीआधी स्वतःची तपासणी

चाळिशीनंतर परवान्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, लागते. त्यात २५ मीटरवरील वाहनाची क्रमांकाची पाटी दिवसाच्या चांगल्या उजेडात वाचता येते का, हे पाहिले जाते. परंतु समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतानंतर डोळा सावरायला किती वेळ घेतो, हे त्यात मोजले जात नाही. म्हणून ते प्रमाणपत्र पुरेसे न मानता पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात.

डोळे : चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदूची सुरुवात पाहावी. दिव्यांभोवती वलये दिसत असतील तर सूर्यास्तानंतर गाडी काढू नये.

मान : खांद्यावरून मागे वळून पाहता येते का? मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्यांना हे जमत नाही, आणि केवळ आरशावर विसंबणे पुरेसे नसते.

हात व पाय : बोटांना मुंग्या येत असल्यास हँडलच्या कंपनांनी त्या वाढतात. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. ब्रेकवर किती दाब पडला हे पायाला उमगत नाही.

औषधे : इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. सर्दीच्या काही गोळ्यांनी झापड येते; रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डोक्याला लागलेला साधा मारही गंभीर ठरू शकतो. अशांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा बेत करू नये.

सिकलसेल : आपल्या जिल्ह्यात हा आजार अनेक कुटुंबांत आहे. पाणी कमी पडणे, थंडी आणि अतिश्रम यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. सिकलसेलग्रस्तांनी लांबचा प्रवास वैद्यकीय सल्ल्यानेच करावा.

घाटाआधी मैदान

पहिले दोन आठवडे मोकळ्या मैदानावर द्यावेत. गाडी ढकलणे, उभी करणे, चालण्याच्या वेगाने वळवणे आणि दोन्ही ब्रेक एकत्र वापरून थांबणे यांचा सराव करावा. १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. जोरात ब्रेक दाबला असता त्याची थरथर हाताला कशी जाणवते, हे रस्त्यावर नव्हे तर मैदानावर शिकावे. पुढचे काही आठवडे सकाळच्या वेळी प्रकाशा किंवा सारंगखेड्यापर्यंत एकट्याने, मागे कोणालाही न बसवता जावे.

तोरणमाळ त्यानंतर. शहाद्याहून म्हसावदमार्गे हा रस्ता पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा आहे. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर आहे. वर पोहोचेपर्यंत तापमान सहा-सात अंशांनी उतरू शकते. सात पायरी घाटातील वळणांवर वेग वळणापूर्वीच कमी करावा. उतरताना गाडी न्यूट्रल करू नये. खालच्या गिअरवर ठेवावी, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. पावसाळ्यात धुके आणि दरडी, तर एप्रिल-मे महिन्यांत ऊन. म्हणून हे दोन्ही काळ टाळावेत. उन्हात वाऱ्यामुळे घाम लगेच वाळतो आणि शरीरातले पाणी कमी होत असल्याचे कळतच नाही. हिवाळा उत्तम, पण तो ऊसतोडीचाही काळ. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. सूर्य मावळण्यापूर्वी घरी पोहोचणे हाच नियम ठेवावा.

हेल्मेट आणि घरची माणसे

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली; त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी, तर डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. इतका गुण देणारी औषधे माझ्या कपाटातही थोडीच आहेत. आयएसआय खुणेचे, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घ्यावे आणि त्याचा पट्टा बांधावा. जाड जॅकेट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट यांना पर्याय नाही; चपलेवर घाट चढू नये.

आता घरच्यांसाठी दोन शब्द. बाबा किंवा आई पुन्हा गाडी काढतो म्हणाले की, “या वयात हे काय?” असे म्हणून विषय संपवू नका. मनाई केली तर ते न सांगता जातील, आणि ते अधिक धोक्याचे. मार्ग आणि परतण्याची वेळ विचारून घ्या, कारण अक्राणीच्या डोंगरात मोबाइल सर्वत्र लागत नाही. खिशात रक्तगट, चालू औषधे आणि घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. १०८ हा क्रमांक सर्वांना पाठ हवा.

आणि वाचकहो, आपणही घरच्यांना एक वचन द्यावे. ज्या सकाळी झोप अपुरी असेल, चक्कर असेल, छातीत जडपणा वाटेल किंवा मन रागावलेले असेल, त्या सकाळी गाडी अंगणातच राहील. डोंगर पुढच्या रविवारीही तेथेच असणार आहे.