मंडईतले चेहरे कृष्णधवल करताना

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत काढलेला भाजीवाल्या मावशींचा फोटो संगणकावर उघडला, की नजर आधी टोमॅटोच्या ढिगाकडे जाते, मग निळ्या ताडपत्रीकडे, आणि चेहऱ्याकडे शेवटी. म्हणून अनेकांना असे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करावेसे वाटतात. एक बटण दाबलं की रंग जातात. पण बहुतेक वेळा मागे उरतो तो मळकट राखाडी चेहरा. तसं होऊ नये म्हणून हे काम क्रमाने करावं. इथली स्लायडरांची नावं लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधली आहेत. डार्कटेबल आणि गिम्प फुकट मिळतात, त्यांतही यातलं बरंचसं जमतं. नावं आणि पद्धत थोडी इकडेतिकडे असेल.

पहिला टप्पा निवडीचा. फोटो 100 टक्के मोठा करून जवळचा डोळा स्पष्ट आहे ना, ते पाहा. फोकस डोळ्याऐवजी पुढच्या मेथीच्या जुडीवर बसला असेल, तर तो फोटो बाजूला ठेवा. ते नंतर दुरुस्त होत नाही.

शक्य असेल तर रॉ फाइलवर काम करा. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली माहिती. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. जेपेग फार ताणलं की गालावर पट्टे दिसू लागतात.

दुसरा टप्पा अनेक जण गाळतात: आधी रंगीत फोटोच नीट करणं. पिवळ्या ताडपत्रीखाली किंवा गाळ्यावरच्या बल्बच्या उजेडात चेहरा, बटाटे आणि मागची भिंत, सगळंच पिवळट येतं. पुढे प्रत्येक रंग वेगळा हाताळायचा आहे; इथे तर सगळ्यांचा रंग एकच झालेला असतो. म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची दुरुस्ती, आधी करा. त्याचा ड्रॉपर फोटोतल्या एखाद्या गाळेवाल्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर टेकवा. सदरा धुऊन धुऊन पिवळा पडलेला असेल, तर मात्र दुसरी पांढरी वस्तू शोधा.

तिसरा टप्पा उजेडाचा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधार किती आणि उजेड किती हे दाखवणारा आलेख, उजव्या कडेला आपटत असेल, तर गाळेवाल्याच्या पांढऱ्या टोपीच्या घड्या पांढऱ्याफट होऊन गेल्या आहेत. हायलाइट्स, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली आणून त्या परत येतात का, ते पाहा. जेपेगमध्ये सहसा येत नाहीत.

आता चौथा टप्पा, रूपांतराचा. सॅच्युरेशनचा स्लायडर अगदी खाली नेऊन थांबू नका. तसं केलं की लाल टोमॅटो आणि हिरवी मिरची जवळजवळ सारख्याच राखाडी दिसतात, कारण रंग वेगळे असले तरी त्यांचा उजळपणा जवळपास सारखा असतो. त्याऐवजी ब्लॅक अँड व्हाइट मिक्स उघडा. त्यात आठ रंगांचे आठ स्लायडर असतात. हिरवा खाली ओढला की मिरच्या गडद होतात, लाल वर नेला की टोमॅटो उजळतात.

लाल स्लायडरला जपून हात लावा. तो फार वर गेला, की टोमॅटोबरोबर ओठांचा रंग उडतो आणि कपाळावरचं लाल कुंकू फिकं पडतं. खूप खाली नेला तर कुंकू काळं दिसतं. लाल रंग न टिपणाऱ्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर ते तसंच यायचं. ओठ आणि कुंकू दोन्ही नीट कळतील, तिथे थांबा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो नारिंगी स्लायडरला. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचा रंग मुख्यतः नारिंगीत आणि थोडा लालमध्ये येतो. नारिंगी वर नेला की सुरकुत्या पुसट होतात, डाग जातात, फोटो एकदम ‘स्वच्छ’ वाटतो. पण उन्हातान्हात बसणारी बाई त्यात गोरी झालेली असते. हा या कामातला सगळ्यात मोठा मोह आहे. चेहरा अंधारात गेलाच असेल, तर शॅडोज, म्हणजे गडद भाग, थोड्या उचला, नारिंगी नको. मूळ रंगीत फोटो शेजारी उघडा ठेवा आणि त्वचा कपड्यांच्या आणि केसांच्या तुलनेत किती गडद किंवा उजळ आहे, ते ताडून पाहा. कृष्णधवलमध्येही हा फरक तितकाच वाटला पाहिजे.

पाचवा टप्पा डॉज आणि बर्नचा, म्हणजे निवडक जागा उजळ किंवा गडद करण्याचा. पाठीमागचा लटकता बल्ब आणि तराजूच्या स्टीलच्या पारड्यावरची चमक हलक्या ब्रशने खाली आणा. डोळ्यांभोवती किंचित उजळवा. बुबुळाभोवतीचं पांढरं मात्र पांढरंशुभ्र करू नका, नजर भेसूर होते.

क्लॅरिटीचा स्लायडर मधल्या छटांतला फरक वाढवतो. तो वाढवला की हाताच्या भेगा आणि कपाळाच्या आठ्या कोरल्यासारख्या दिसतात, आणि बाजारातला प्रत्येक माणूस गांजलेला वाटू लागतो. भाव सांगताना मिश्कील हसणाऱ्या माणसावर हा अन्याय आहे. हा स्लायडर पोत कळण्यापुरताच वापरा.

शेवटचा टप्पा छपाईचा. 8 बाय 12 इंचांच्या प्रिंटला 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके) 2400 बाय 3600 पिक्सेल लागतात. प्रिंट सहसा स्क्रीनपेक्षा गडद येते. स्क्रीनचा उजेड कमी करून फोटो तपासा आणि आधी एक लहान प्रिंट काढून बघा. रंगीत मूळ फाइलवर कृष्णधवल कधीच सेव्ह करू नका. वेगळ्या नावाने ठेवा.

फोटो जमला की नाही, हे ठरवायला मोठ्या जाणकाराची गरज नाही. शेजारच्या गाळेवाल्याला दाखवा. त्याने एका नजरेत मावशींना ओळखलं, तर फोटो जमला. ‘फोटोत एवढ्या उजळ कशा दिसतात?’ असं विचारलं, तर नारिंगी स्लायडर पुन्हा खाली आणा.