आठ अंकांचे कापरेकर

देवळालीच्या शाळेतले गणिताचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांचा ६१७४ हा स्थिरांक बहुतेकांना ठाऊक असतो. चार अंकी संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो.

ओमानमध्ये फोन क्रमांक आठ अंकी असतो. दिवस, महिना, वर्ष सलग लिहिले तर तारीखही आठ अंकी होते. मग आठ अंकांना असा स्थिरांक आहे का? आहेत, आणि तेही दोन: ६३३१७६६४ आणि ९७५०८४२१. दुसऱ्याचा पडताळा पाहा:

९८७५४२१० − ०१२४५७८९ = ९७५०८४२१

पण सगळ्याच संख्या या दोन मुक्कामांना पोचत नाहीत. काही तीन संख्यांच्या, तर काही सात संख्यांच्या चक्रात अडकून फिरत राहतात. महाराष्ट्र दिनाची तारीख घ्या, ०१०५१९६०. क्रमाने येतात ९६४९९४३१, ८६५१७४३२ आणि ७५३०८६४३. ही तिसरी संख्या सातांच्या चक्रातली आहे. तिथून सात पायऱ्यांनी पुन्हा तीच येते.

आता एक गंमत. भारताचा स्वातंत्र्यदिन १५०८१९४७. सुलतान काबूस गादीवर आले तो दिवस २३ जुलै १९७०, म्हणजे २३०७१९७०.

९८७५४११० − ०११४५७८९ = ९७६०८३२१
९७७३२१०० − ००१२३७७९ = ९७६०८३२१

पहिल्याच पायरीला दोन्ही देश एका संख्येवर! तिथून पुढची वाट अर्थातच एकच. एकूण बाराव्या पायरीला ८६५२६४३२ येतो आणि दोघे तीनांच्या चक्रात शिरतात.

यात दैवी संकेत वगैरे काही नाही. उतरत्या क्रमातला पहिला अंक वजा आठवा, दुसरा वजा सातवा, तिसरा वजा सहावा, चौथा वजा पाचवा, एवढ्या चार फरकांवरच उत्तर ठरते. वरच्या दोन्ही तारखांना हे फरक ९, ७, ६, १ येतात. असे फरक नेहमी उतरत्या क्रमाने किंवा समान असतात, म्हणून सगळे शून्य असलेला संच वगळला तर शक्य संच फक्त ७१४. म्हणजे ०००००००० ते ९९९९९९९९ या दहा कोटी संख्या (आठही अंक सारखे असलेल्या सोडून) पहिल्या वजाबाकीतच फार तर ७१४ उत्तरांत गोळा होतात. तिथे दोन तारखांची गाठ पडली तर नवल कसले? आणि उत्तरे मोजकीच असल्यामुळे कधी ना कधी एखादी पुन्हा येणार, म्हणजे वाट चक्रात किंवा स्थिरांकावर संपणारच.

‘शुभ’ मोबाइल नंबरासाठी कोणी जादा पैसे मागू लागले, तर हे ७१४ आठवावेत. आणि स्वतःची जन्मतारीख घेऊन बसा. कागद-पेन्सिल पुरते. फक्त पुढे येणारा शून्य टाकू नका.