हलत्या जहाजावर फायटर जेट उतरतं कसं? सी हॉक ते राफेल-एम

एप्रिल २०२५ मध्ये भारताने फ्रान्ससोबत २६ राफेल-एम विमानांचा करार केला. किंमत सुमारे ६३ हजार कोटी रुपये. हवाई दलासाठी ३६ राफेल आधीच घेतली होती, मग नौदलासाठी वेगळी का? कारण जहाजावरून उडणारं जेट हे वेगळंच प्रकरण आहे.

अडचण नेमकी काय?

विमानतळावर जेटला दोन-तीन किलोमीटरची धावपट्टी मिळते. जहाजावर ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने आलेलं विमान साधारण ९० मीटरमध्ये थांबवावं लागतं. त्यासाठी विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. तो डेकवर आडव्या ताणलेल्या जाड पोलादी तारेत अडकतो आणि विमान दोन-तीन सेकंदांत थांबतं. हा हिसका सोसायचा तर सांगाडा आणि चाकांचे पाय जास्त मजबूत हवेत. म्हणूनच नौदलाचं राफेल वेगळं बनवलं जातं.

सुरुवात कुठे झाली?

३ डिसेंबर १९४५ रोजी ब्रिटिश वैमानिक एरिक ब्राउन यांनी 'एचएमएस ओशन'वर व्हॅम्पायर जेट उतरवलं. विमानवाहू जहाजावर उतरलेलं हे पहिलं जेट. पण सुरुवातीच्या जेट इंजिनांना पुन्हा जोर पकडायला वेळ लागायचा. तेव्हाचे डेक सरळ होते आणि पुढे विमानं उभी असायची. आकडा चुकला की थेट धडकेची भीती.

१९५० च्या दशकात ब्रिटिशांनी यावर तीन उपाय काढले. तिरका डेक, म्हणजे आकडा चुकला तरी वैमानिक समोरच्या मोकळ्या जागेतून पुन्हा उड्डाण करू शकतो. म्हणूनच चाकं टेकताच वैमानिक इंजिनाचा जोर कमी न करता वाढवतो! दुसरा उपाय वाफेवर चालणारा कॅटापल्ट, जो विमानाला गलोलीसारखा पुढे फेकतो. तिसरा, उतरण्याचा योग्य कोन दाखवणारी आरसा-दिव्यांची यंत्रणा.

भारतात काय झालं?

१९६१ मध्ये नौदलात आलेल्या 'आयएनएस विक्रांत'वर हे तिन्ही होतं. त्याच वर्षी मे महिन्यात लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी तिच्यावर सी हॉक जेट उतरवलं. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

खरी परीक्षा १९७१ मध्ये झाली. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते, त्यामुळे जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता. आता जहाजाचा वेग आणि विमान यांचा संबंध काय? उड्डाणाच्या वेळी जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड करून धावतं, त्यामुळे पंखांवरून जास्त हवा जाते आणि छोटा डेकही पुरतो. वेग कमी म्हणजे धोका जास्त. तरीही ४ डिसेंबरपासून सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. पूर्व पाकिस्तानची सागरी कोंडी करण्यात विक्रांतचा मोठा वाटा होता.

मग सी हॅरियर का आलं?

१९८३ मध्ये गोव्याच्या दाबोळी तळावर सी हॅरियर दाखल झालं. ते थोडं धावून उडायचं आणि हेलिकॉप्टरसारखं सरळ खाली उतरायचं. त्यामुळे आकडा आणि तारांची गरजच उरली नाही. २०१६ मध्ये ते निवृत्त झालं आणि त्याची जागा मिग-२९के ने घेतली. तिन्ही विमानं उडवणारी स्क्वाड्रन मात्र एकच, ३०० क्रमांकाची 'व्हाइट टायगर्स'.

आता पुढे काय?

'विक्रमादित्य' आणि नव्या 'विक्रांत'वर कॅटापल्ट नाही. डेकचं पुढचं टोक घसरगुंडीसारखं वर उचललेलं आहे, त्याला स्की-जंप म्हणतात. यात यंत्रणा सोपी असते, पण विमानाला इंधन आणि शस्त्रांचा भार मर्यादित ठेवावा लागतो. फ्रान्समध्ये राफेल-एम कॅटापल्टवरून उडतं. त्यामुळे खरेदीआधी २०२२ मध्ये गोव्यातल्या स्की-जंपवर त्याची चाचणी झाली.

स्वदेशी प्रयत्नही सुरू आहेत. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी नौदलासाठीचं 'तेजस' विक्रमादित्यवर उतरवलं. एकाच इंजिनाचं हे विमान नौदलाची गरज भागवू शकत नव्हतं, पण त्याचा अनुभव दोन इंजिनांच्या नव्या विमानाच्या कामी येतोय. ते तयार होईपर्यंत मिग आणि राफेल-एमवरच भिस्त आहे. शेवटी, विमानांशिवाय विमानवाहू जहाज म्हणजे समुद्रातलं एक मोठं लक्ष्यच!

सी हॉक आणि सी हॅरियर प्रत्यक्ष बघायचे असतील, तर दाबोळीजवळ बोगमाळो इथलं नौदलाचं विमान संग्रहालय गाठा.