प्राण आणि प्राणवायू : एका शब्दाचा घोटाळा

सेलू, जिंतूर, गंगाखेड. परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी सकाळच्या योगवर्गाला गेलात, तर एक वाक्य हमखास कानी पडते : ‘खोल श्वास घ्या, शरीराला भरपूर प्राणवायू मिळेल.’ मी वैद्य नाही, योगशिक्षकही नाही. जुनी पुस्तके आणि नियतकालिके धुंडाळणे एवढाच माझा उद्योग. त्या धुंडाळण्यातून माझे मत असे झाले आहे की हे वाक्य ना योगग्रंथांतून आले, ना शरीरशास्त्रातून. ते आले एका पारिभाषिक शब्दातून.

ऑक्सिजनचा शोध अठराव्या शतकातला. प्रीस्टलीने तो 1774 मध्ये वेगळा केला आणि पुढे लाव्हाझिएने त्याला नाव दिले. मराठीत विज्ञान लिहू लागलेल्यांनी या वायूसाठी ‘प्राणवायू’ हा शब्द योजला. शब्द सुरेख होता. पण तो आपल्या परंपरेत आधीपासूनच वेगळ्या अर्थाने नांदत होता. प्राण, अपान, व्यान, उदान, समान हे पंचप्राण म्हणजे देहातल्या पाच क्रिया. अपान खाली नेतो, समान अन्न पचवतो. यांतला एकही बाटलीत भरता येणारा वायू नाही. गंमत अशी की आपण बाहेर टाकतो त्या वायूचे जुने मराठी नाव ‘कर्बद्विप्राणिल’. म्हणजे त्यातही दोन ‘प्राण’ आहेतच!

पतंजलींच्या सूत्रांत प्राणायाम म्हणजे श्वास-उच्छ्वासाची गती तोडणे. हठयोगाचा सारा भर कुंभकावर, म्हणजे श्वास रोखण्यावर. ज्या साधनेचा गाभाच श्वास थांबवणे आहे, ती जास्त हवा मिळवण्यासाठी कशी असेल? हठप्रदीपिका तर बजावते की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात, तसाच वायू वश करावा. घाई केली तर उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळ्यांची दुखणी मागे लागतात.

हा घोटाळा एकट्या मराठीचा नाही. चीनमधल्या ‘चिगोंग’ या श्वाससाधनेतला ‘ची’ म्हणजे वाफ, श्वास, जीवनशक्ती. आधुनिक चिनीत तोच शब्द ‘वायू’ या अर्थी रुळला आणि ऑक्सिजन झाला ‘यांग-ची’. चिगोंग हे नावही आरोग्यसाधना म्हणून रूढ झाले ते 1950 च्या दशकात, सरकारी आरोग्यधामांतून. त्याखालच्या साधना मात्र फार जुन्या. नाव नवे, अर्थ जुना, आणि मध्ये गैरसमजाला मोकळे रान.

हा प्रश्न प्रयोगाने तपासणारा माणूस महाराष्ट्रातच काम करत होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (1883–1966). त्यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली, उड्डियान यांचा अभ्यास क्ष-किरणांनी करणाऱ्या या योग्याने प्राणायामात आत जाणारा ऑक्सिजन आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइडही मोजला. प्राणायामाचे मोल जादा ऑक्सिजनमध्ये नाही, हा त्यांचा निष्कर्ष 1930 च्या दशकातच छापून झाला. प्राणायामावर श्रद्धा असलेल्याच माणसाने तो काढला, म्हणून मला त्याचे वजन अधिक वाटते.

कारण साधे आहे. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन नेहमीच्या श्वासानेच 95 टक्क्यांहून अधिक भरलेले असते. भरल्या रांजणात आणखी किती ओतणार? उलट जोरजोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात. अनेकांना ती ‘शक्ती जागी झाली’ अशी खूण वाटते.

मग लाभ काहीच नाही? आहे, पण तो संथपणाचा आहे. इटलीतल्या संशोधकांचा 2001 मधला एक अभ्यास मला मोलाचा वाटतो. त्यात 23 निरोगी माणसांनी कधी जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हटली, कधी ‘ओम मणि पद्मे हुम’. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तल्लख झाली. संथ श्वासाने रक्तदाब थोडा उतरतो, मन निवते. हे थोडके नाही. पण ते गोळीची जागा घेण्याइतकेही नाही.

हा भेद केवळ शब्दांचा असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. 2021 च्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका निवृत्त शिक्षकांचा ऑक्सिमीटरवरचा आकडा नव्वदीखाली गेला होता. ‘अनुलोम-विलोमाने चढेल’ म्हणत त्यांनी दवाखाना दोन दिवस लांबवला. सुजून पाण्याने भरलेल्या फुप्फुसात हवा कितीही ओढली, तरी ऑक्सिजन रक्तापर्यंत पोचायला वाटच अरुंद झालेली असते. सर घरी परतले नाहीत.

म्हणून योगशिक्षकांना एवढीच विनंती : ‘खोल श्वास घ्या, प्राणवायू मिळेल’ऐवजी ‘सावकाश श्वास घ्या, मन निवेल’ म्हणा. आणि मधुमेह, दमा, रक्तदाब असलेल्यांना त्याच दमात सांगा, की औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.